मदत हवी आहे : पर्थ ते लंडन विमानप्रवासाच्या वेळेचा हिशेब

जुलैत वडिलांसह पर्थहून थेट लंडनला जायचे असून, त्यांच्या गोळ्या दर आठ तासांनी द्याव्या लागत असल्याने प्रवासाचा नेमका काळ आधी ठरवायचा आहे. अंतर सुमारे 14,500 किलोमीटर. ताशी 900 किलोमीटर वेग धरला तर सोळा तास होतात. तिकिटावर मात्र संध्याकाळी 6.45 ला प्रस्थान आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 5.05 ला आगमन आहे. त्यात दोन्ही शहरांतील सात तासांचा उन्हाळी फरक मिळवला की 17 तास 20 मिनिटे भरतात. अंतर पृथ्वीगोलावर दोरा ताणूनही तपासले, त्यामुळे चूक तिथे नसावी. मध्ये थांबा घेणे शक्य नाही. हा वाढीव सव्वा तास समोरचा वारा, मार्गातील वळसा आणि धावपट्टीपर्यंतची ये-जा यांत साधारण कसा विभागला जातो?