मदत हवी आहे: एल साल्वादोरहून बिटकॉइनमध्ये आलेली फी

मंडळी, मी खानापूरहून घरबसल्या डिझाइनचं काम करतो. एल साल्वादोरमधल्या एका हॉटेलचं मेन्यूकार्ड करून दिलं, फी बिटकॉइनमध्ये आली. वॉलेटमध्ये ०.००४ दिसतंय, अजून विकलेलं नाही. हॉटेलवाला म्हणतो, 'आमच्याकडे हे सरकारमान्य आहे.' खरं आहे, ७ सप्टेंबर २०२१ पासून. पण २०२५ च्या दुरुस्तीनंतर ते घ्यायची सक्ती उरलेली नाही. तिथे डॉलर चालतोच, म्हणून मी डॉलर मागितले. तो तयार नाही.

बेळगावात बँकेत गेलो. काउंटरवर परकीय चलनाचा फॉर्म पुढे केला आणि 'बिटकॉइन' ऐकताच मागे घेतला. ओळखीचे सीएही ठाम सांगेनात. विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर, तोटा वजा होत नाही, एवढं माहीत आहे. 'विकून मोकळा हो' हा सल्ला नको, आधी कागद नीट हवेत.

फी मिळाली त्या दिवसाचा रुपयातला भाव धंद्याचं उत्पन्न दाखवायचा आणि ३० टक्के फक्त त्यापुढच्या वाढीवर धरायचे का? आणि एका देशाने मान्यता दिली म्हणून फेमाखाली (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली) हे परकीय चलन ठरतं का? असं रिटर्न कुणी भरलंय का?