मेमरी ऑर्डरिंगचे नियम: गद्य फाइल खरी की मॉडेल?

मुग्धा
लिनक्स कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) मेमरी ऑर्डरिंगचे नियम, म्हणजे प्रोसेसरच्या एका कोअरने मेमरीत लिहिलेलं दुसऱ्या कोअरला कोणत्या क्रमाने दिसेल याचे नियम, आज दोन ठिकाणी आहेत. एक म्हणजे २००६ पासून वाढत गेलेली 'मेमरी-बॅरिअर्स' ही लांबलचक टेक्स्ट फाइल, आणि दुसरं २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीत आलेलं औपचारिक मॉडेल, जे हर्ड७ या तपासणीच्या साधनावर चालवून बघता येतं. माझं स्पष्ट मत: नियम म्हणून मॉडेलच धरावं, फाइल ओळख करून देण्यापुरती ठेवावी. आपण स्पेसिफिकेशन नाही, हे ती फाइल सुरुवातीलाच सांगते.

साधं उदाहरण घ्या. एक कोअर आधी डेटा लिहितो, मग फ्लॅग १ करतो. दुसऱ्या कोअरला फ्लॅग १ दिसतो, डेटा मात्र जुनाच. एक्स८६ प्रोसेसरवर हे होत नाही. तिथे एसएमपी_डब्ल्यूएमबी हा बॅरिअर (क्रम बदलू न देणारी सूचना) फक्त कंपायलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, रोखतो. तोच कोड आर्म प्रोसेसरवर गेला की वाचणाऱ्या बाजूला विसरलेला बॅरिअर अंगाशी येतो. टेस्टिंगमध्ये तो सापडेलच याची खात्री नाही. हर्ड७ ला छोटी लिटमस टेस्ट (असा प्रसंग मांडणारा चिमुकला नमुना कोड) दिली, की शक्य असलेले सगळे निकाल समोर येतात. गद्यातून मात्र दोन अनुभवी माणसं दोन अर्थ काढतात.

समीर
पूर्ण असहमत. मी ड्रायव्हर (डिव्हाइस चालवणारा कोड) लिहितो आणि या हिशोबाने माझं अर्धं काम नियमाबाहेर जातं. एमएमआयओ (डिव्हाइसची रजिस्टरं मेमरीसारखी वाचणं-लिहिणं), डीएमए (डिव्हाइसने स्वतः मेमरी वाचणं-लिहिणं), इंटरप्ट (डिव्हाइसने प्रोसेसरला मध्येच थांबवून दिलेली हाक) यातलं काहीच मॉडेलमध्ये नाही. त्याच्याच मर्यादांच्या यादीत तसं लिहिलंय.

डिस्क्रिप्टरमध्ये (डिव्हाइससाठी मेमरीत ठेवलेल्या नोंदीत) डेटा भरायचा, मग डीएमए_डब्ल्यूएमबी हा बॅरिअर, मग मालकी डिव्हाइसच्या नावे करायची आणि शेवटी राइटएल या डिव्हाइसच्या रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनने डोअरबेल वाजवायची, म्हणजे काम आल्याचं डिव्हाइसला कळवायचं. त्या राइटएलआधी वेगळा डब्ल्यूएमबी बॅरिअर लागत नाही, पण राइटएल_रिलॅक्स्ड हा त्याचा सैल प्रकार वापरलात तर ती हमी गेली. हे सगळं उदाहरणासकट कुठे आहे? त्याच टेक्स्ट फाइलमध्ये.

कंपायलरचंही तेच. इफच्या दोन्ही फांद्यांत एकच लिखाण असेल तर कंपायलर ते उचलून इफच्या वर नेऊ शकतो. ज्या कंट्रोल डिपेंडन्सीवर (आधी अट वाचली जाईल, मगच लिखाण होईल या क्रमावर) तुम्ही विसंबलात ती गायब! हे असं का होतं ते माणसाला गद्यातूनच समजतं.

मुग्धा
जिथे मॉडेल पोचत नाही तिथे गद्य हाच नियम राहू द्या, माझी हरकत नाही. पण जिथे दोन्ही पोचतात आणि दोघांत फरक पडतो, तिथे कोणाचं ऐकायचं? तुमच्या प्रतिसादात याचं उत्तर नाही.

श्रीधर
माझ्या मते दोघंही चुकीच्या जागी बघताय. डीईसी अल्फा या जुन्या प्रोसेसरवर पॉइंटर (डेटाचा पत्ता) नवा मिळूनही त्यामागचा डेटा जुना दिसू शकायचा, म्हणून एक खास बॅरिअर सगळ्यांनाच शिकावा लागे. कर्नलच्या ४.१५ आवृत्तीत तो रीड_वन्स या मेमरी वाचणाऱ्या मॅक्रोच्या पोटात घातला आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यावरचा एक नियमच उतरला. असे नियम एपीआयमध्ये, म्हणजे सगळे वापरतात त्या तयार फंक्शनांमध्ये, जिरवा.

जे उरतील ते कोडशेजारी लिहा. बॅरिअरला कमेंट नसेल तर चेकपॅच हे कर्नलचा कोड तपासणारं स्क्रिप्ट ओरडतं, पण कमेंटमध्ये काय आहे ते बघत नाही. 'इथे मेमरी बॅरिअर' असं लिहिलं तरी त्याला पुरतं. या बॅरिअरची जोडी (समोरच्या बाजूचा बॅरिअर) कुठल्या फंक्शनमध्ये आहे आणि कशाच्या आधी काय दिसायला हवं, एवढं तरी हवंच.

समीर
श्रीधर, कमेंटचं शंभर टक्के पटलं. एपीआयचं नाही. जिथे प्रत्येक पॅकेटमागे किंमत मोजावी लागते तिथे हे जिरवणं परवडत नाही. रिलॅक्स्ड प्रकार त्यासाठीच तर आहेत.

मुग्धा, फरक पडला म्हणजे दोहोंपैकी एक चुकलंय. मॉडेल आपोआप बरोबर ठरत नाही. ते सांभाळणाऱ्यांचं सामूहिक मत समजा, असं ती टेक्स्ट फाइलच बजावते. अशा वेळी हार्डवेअरचं मॅन्युअल उघडावं.

मुग्धा
कोणत्या हार्डवेअरचं? आर्मने आपल्या व्ही८ आर्किटेक्चरचे नियम प्रसिद्ध केल्यावरसुद्धा बदलले. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आर्म, पॉवर, रिस्क-व्ही सगळ्यांची मॅन्युअलं चाळत बसायचं का? कर्नलचा नियम सगळ्यांसाठी एकच असतो आणि तो पाळायची जबाबदारी त्या-त्या आर्किटेक्चरच्या कोडवर असते. मॉडेल चुकलं असेल तर लिटमस टेस्ट जोडून पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवा. चूक कुठे आहे ते सगळ्यांना चालवून बघता येईल.