बारीक काम आणि वाढते वय: भिंग व दिवा निवडतानाचे अनुभव

चाळिशी लागली की वाचनाचा कागद हात लांब करून धरता येतो. कामाच्या टेबलावर मात्र ही सोय नसते, कारण चिमटा किंवा सोल्डरिंगची कांडी हातात असताना वस्तू दूर नेली तर हातही लांबतो आणि त्याचा आधार सुटतो. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर ताठर होत जाते, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. त्याच काळात बाहुली पूर्वीइतकी मोठी होईनाशी होते आणि ते भिंग पिवळसरही होत जाते, त्यामुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणून, दिसत नाही असे वाटताच आपण मोठ्या भिंगाच्या शोधात निघतो, तेव्हा पुष्कळदा कमी पडलेला असतो तो उजेड.

माझी सुरुवातही चुकीची झाली. डोक्याला पट्ट्याने बांधायचे भिंग मी साडेतीन पटींचे घेतले. वस्तू सुरेख दिसे, पण डोळ्यापासून जेमतेम 10 सेंटिमीटरवर. तेवढ्या अंतरात कांडीचे तापलेले टोक चेहऱ्याजवळ येई आणि धूर थेट डोळ्यांत जाई. हेच भिंग दोन पटींचे घेतले तर अंतर 25 सेंटिमीटर मिळते. आज माझे बहुतेक काम त्यावर होते. किती पट हा प्रश्न मी आता सर्वांत शेवटी विचारतो. आधी डोळ्यापासून हातापर्यंतचे अंतर ठरवतो आणि मग उजेड. आपण कोणते काम करता, किती अंतरावरून करता आणि कोठे चूक झाली, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

घड्याळदुरुस्ती, वय 63

अंतराविषयीचे आपले म्हणणे मला पूर्णपणे पटते. दहा पटींचे भिंग वस्तूपासून अडीच सेंटिमीटरवर धरावे लागते, त्या फटीत अवजार शिरत नाही. त्यामुळे ते मी केवळ तपासणीसाठी वापरतो: चाकाचा आस ज्यात फिरतो त्या खड्याच्या खळगीत तेलाचा थेंब मधोमध गोल बसला आहे की कडेवरून ओघळला आहे, एवढे पाहायचे आणि भिंग खाली ठेवायचे. प्रत्यक्ष जोडणी चार पटींच्या भिंगाने होते, आणि भाग मोठे असतील तर त्याहूनही कमी पटींच्या. पट वाढली की दिसणारे वर्तुळ लहान होते आणि खोलीतला स्पष्ट भागही पातळ होतो. वरचा पूल, म्हणजे चाकांना वरून धरणारी धातूची पट्टी, स्पष्ट दिसत असताना खालचे चाक पुसट होते, आणि स्क्रू नेमका तिथेच पडतो.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो टेबल उंच करण्याचा. पूर्वी मी कंबरेतून वाकून भिंग वस्तूजवळ नेत असे. आता टेबलाची कड छातीच्या खालच्या भागापर्यंत येते, दोन्ही कोपर टेकतात आणि वस्तूच डोळ्याजवळ आलेली असते. हात स्थिर झाल्यावर जे दिसते, ते अधिक जड भिंगाने वाकलेल्या पाठीला दिसत नसे. आणखी एक गोष्ट: दुसरा डोळा मिटू नये. आठवडाभर दोन चित्रे दिसल्यासारखे होते, नंतर मन आपोआप एकाच डोळ्याकडे लक्ष देऊ लागते आणि चेहऱ्याचा ताण जातो.

दागिन्यांवरील कोरीव काम, वय 58

माझे सांगणे दिव्याबद्दल आहे. चकचकीत धातूवर उघडा, प्रखर दिवा रोखला की कोरलेली रेघ दिसतच नाही, फक्त दिव्याचे प्रतिबिंब दिसते. तरुणपणी हे खपून जाते. वयाबरोबर डोळ्यातच प्रकाश विखुरू लागतो आणि तीच चमक साऱ्या दृश्यावर धुक्यासारखी पसरते. मी दिव्यापुढे ट्रेसिंग पेपरचा ताणलेला पडदा लावला. पृष्ठभाग मऊ, पांढरा दिसू लागला आणि कोरणीची काळी रेघ त्यावर ठसठशीत उठली. पडद्याने उजेड घटतो, तेव्हा दिवा जवळ ओढावा: छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केले तर उजेड सुमारे चौपट होतो, नवा मोठा दिवा घ्यावा लागत नाही.

मात्र ओरखडा शोधायचा असेल तर नेमके उलटे करावे लागते. पडदा काढून दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, एका कुशीवरून टाकावा, म्हणजे वरून पाहताना गुळगुळीत वाटलेल्या जागी कानशीच्या खुणा सावलीसकट उभ्या राहतात. मी उजव्या हाताने काम करते, म्हणून दिवा डावीकडे. अन्यथा हाताची सावली अवजाराच्या टोकावरच पडते.

युरोपातील प्रकाशयोजनेच्या प्रमाणकात हाताने घड्याळ जोडण्याच्या कामासाठी 1500 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) धरले आहेत, तर साध्या कार्यालयीन लिखाणाला 500. पण बाकीची खोली अंधारी ठेवून टेबलावरच एवढा उजेड ओतला, तर मान वर करताच डोळ्यांना दरवेळी जुळवून घ्यावे लागते. म्हणून छताचा दिवाही चालू असावा.

इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती, वय 55

एका सर्किटमध्ये मी एक किलोओहमच्या जागी दहा किलोओहमचा रेझिस्टर लावला होता. रेझिस्टरचे मूल्य त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखतात; दोन्हींत पहिले दोन पट्टे तपकिरी आणि काळे. फरक तिसऱ्या पट्ट्याचा, एकात लाल आणि दुसऱ्यात नारिंगी. दोष भिंगाचा नव्हता, दिव्याचा होता. स्वस्त एलईडी दिव्यांत लाल रंग फिका पडतो. दिवा घेताना वॅट पाहण्याऐवजी खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, पाहावा. तो 90 किंवा अधिक असावा, आणि गडद लाल रंगासाठीचा आर-9 हा आकडा दिलेला असेल तर तोही पाहावा. रंगछटा मी 4000 ते 5000 केल्विनच्या दरम्यान ठेवतो, कारण फार निळसर दिव्याखाली माझे डोळे लवकर शिणतात.

ज्यांना सतत सूक्ष्म सुट्या भागांवर काम करायचे आहे, त्यांनी दोन नेत्रिकांच्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाचा विचार करावा. त्याला खालून अर्ध्या पटीचे जोडभिंग लावले की वर्धन निम्मे होते, पण खाली कांडी आणि हात फिरवायला भरपूर जागा मिळते. मान सरळ राहते, हा लाभ वेगळाच.

लेथवरील काम, वय 66

थोडक्यात लिहितो. लुकलुकणाऱ्या दिव्याखाली फिरणारा चक (लेथवर वस्तू पकडून फिरवणारा भाग) विशिष्ट वेगाला स्थिर असल्यासारखा दिसू शकतो. तो थांबला असे समजून मी हात पुढे केला होता; बाहीच्या स्पर्शाने सावध झालो, नाहीतर अनर्थ झाला असता. यंत्राजवळ न लुकलुकणाराच दिवा असावा. भिंगाचा चष्मा म्हणजे संरक्षक चष्मा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. चुऱ्यापासून वाचायचे तर नंबर घातलेला संरक्षक चष्माच हवा.

जवळचा नंबर साधारण 40 सेंटिमीटरवर तपासला जातो. माझे काम 60 सेंटिमीटरवर चालते. शिवाय प्रोग्रेसिव्ह चष्म्यात, म्हणजे एकाच काचेत दूरपासून जवळपर्यंतचे नंबर असलेल्या चष्म्यात, जवळचा भाग तळाशी असल्याने समोरचे पाहायला हनुवटी वर करावी लागे आणि मान धरे. शेवटी टेपने अंतर मोजून तो आकडा तपासणीच्या वेळी सांगितला आणि केवळ त्या अंतराचा चष्मा करून घेतला.

भरतकाम, वय 61

काळ्या कापडावर काळा दोरा असेल तर भिंगाने काहीच साधत नाही, कारण रंगांतला फरकच नसतो. मी मांडीवर, कापडाखाली पांढरा कपडा पसरते. विणीच्या छिद्रांतून तो उजळ दिसतो आणि सुई कोठे टोचायची ते कळते. दिवा जोडलेले मोठे भिंग वापरणाऱ्यांना एक कळकळीची सूचना: काम संपताच त्यावर झाकण घालावे. माझे भिंग खिडकीशी राहिले होते, उन्हाची तिरीप त्यातून गेली आणि ताणलेल्या कापडावर वाटाण्याएवढा तपकिरी डाग उमटला. मी खोलीत होते म्हणून ते तेवढ्यावर निभावले.

लहान प्रतिकृती बनवणारा, वय 70

मी दोन वर्षांत तीन दिवे बदलले. प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसे आणि पांढरा रंग मळकट वाटे. मी दोष दिव्यालाच देत राहिलो. प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकेक डोळा झाकून रंगाची तीच डबी पाहिली, तेव्हा एका डोळ्याला ती पांढरी दिसली आणि दुसऱ्याला जुन्या कागदासारखी. इतकी वर्षे मी छटा मिसळत होतो, त्या जणू अशा जुन्या कागदामधून पाहून.

आता महिन्यातून काही वेळा एकेक डोळा झाकून पोलादी पट्टीची कड पाहतो. सरळ कड मध्येच वाकडी किंवा लाटेसारखी दिसू लागली तर ती दृष्टिपटलाच्या मध्यभागातल्या बिघाडाची खूण असू शकते, आणि त्या वेळी नवे भिंग शोधण्यात एक दिवसही न घालवता नेत्रतज्ज्ञांकडे जायचे, असे मी ठरवून ठेवले आहे. पट्टी टेबलावरच असते.