जर्मन ब्लॅक मेटलमधले शब्द कसे पकडायचे? आणि ऑकल्ट म्हणजे नक्की काय?

पत्र्यावरचा_पाऊस (कोथरूड)
जर्मनचं बी१, म्हणजे मधली पातळी, झालंय माझं. त्याच नादात लूनार ऑरोरा हाती लागला, जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या रोझेनहाइमचा ब्लॅक मेटल (भरधाव गिटार-ड्रम आणि किंचाळून गायलेलं काळोखं मेटल) बँड, १९९४ साली सुरू झालेला. परवा रात्री लाइट गेले होते, बाल्कनीच्या पत्र्यावर पाऊस बडवत होता आणि मी हेडफोन लावून त्यांचा २००७ चा अल्बम 'आन्डाख्ट' सलग ऐकला, तर अंगावर असा काटा आला की संपल्यावर दहा मिनिटं तसाच बसून होतो. पण शब्द? क्लासमधल्या बातम्या बऱ्यापैकी कळतात, इथं मात्र एक अक्षर हाती लागेना. सीडीतलं गाण्यांचे शब्द छापलेलं बुकलेट समोर न ठेवता कुणाला कळतं का हे? दुसरं म्हणजे सगळीकडे ऑकल्ट ऑकल्ट लिहिलेलं असतं, ते सगळं सैतानाचंच असतं का? आईनं कव्हर बघितलं आणि तेव्हापासून ती काळजीत आहे, तिला नीट सांगायचंय, उगाच उडवून लावायचं नाहीये.

क्रियापद_शेवटी
मी जर्मन शिकवते आणि हे संगीत मनापासून ऐकते, म्हणून जरा लांब लिहितेय. पहिली गोष्ट, कान चुकीचा आवाज शोधत असतो. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ड, ब, ग कडक होतो, म्हणजे लिहिताना टोड पण कानावर येतं टोट, लिहिताना ग्राब पण ऐकू येतं ग्राप. किंचाळताना स्वर फाटून जातात, ओळखू येत नाहीत, पण शेवटचं ट किंवा नाख्ट मधलं ख् मात्र खडा मारल्यासारखं येतं. ते धरायचं आणि तिथून मागे जायचं. दुसरं, गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, आपल्यासारखंच, त्यामुळे ओळीचा अर्थ शेवटच्या शब्दापर्यंत लोंबकळत राहतो. मराठी माणसाला याची जन्मापासून सवय आहे, तेव्हा घाबरू नकोस.

आणि मला यात सगळ्यात जवळचं काय वाटतं सांगू, जर्मनमध्ये चंद्र पुल्लिंगी आहे, डेर मोन्ट. फ्रेंचमध्ये तो बाई होतो. मृत्यू पण तो, रात्र ती, सगळं आपल्यासारखंच, फक्त सूर्य तेवढा स्त्रीलिंगी. त्यामुळे या गाण्यांतला चंद्र मला परका वाटतच नाही.

आईला सांग, ऑकल्ट हा शब्द लॅटिनवरून आलाय, मूळ अर्थ लपलेलं. सैतान हा त्यातला एक कोपरा झाला. आन्डाख्ट म्हणजे तर चक्क मन एकाग्र करून केलेली उपासना.

ट्रेमोलो_हात
मॅडमनी भाषेचं सांगितलंच, मी गिटारवाल्याच्या बाजूनं सांगतो. आवाज मिक्समध्ये मुद्दाम मागे ढकललेला असतो रे, तो गायक नसून त्या धुक्यातलाच एक थर असतो. उजवा हात एकाच तारेवर खालीवर इतका भरभर चालतो की वेगवेगळे ठोके न ऐकू येता एक लांब सूर ऐकू येतो, खाली ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान ठोका, धावत असतो आणि तरी वरची धून संथच राहते. हे दोन वेग एकत्र ऐकले की ते तरंगल्यासारखं वाटतं. म्हणून फोनच्या स्पीकरवर ऐकू नको, नुसती खरखर येईल.

आता त्यांचा २०१२ चा 'होआगाश्ट' ऐक. तो अख्खा बव्हेरियन बोलीत आहे, म्हणजे पुण्यात वाढलेल्याला कुणीतरी अहिराणीत भुताच्या गोष्टी सांगाव्यात तसं. होआगाश्ट म्हणजे संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घरात जमून मारलेल्या गप्पा. गाण्यांची नावंच बघ, पावसाला रेगेन नाही तर रेंग, जंगलाला वाल्ड नाही तर वोइड. एका गाण्याचं नाव हाबरगोअस, आल्प्सकडच्या लोककथांमधलं अर्धं बोकड अर्धं पाखरू असं भूत, जे रात्री ओरडतं. पाणलावा पक्ष्याला पण तिकडे हेच नाव आहे, कारण तो उडताना शेपटीच्या पिसांमधून बोकडासारखा आवाज येतो. माझ्या मते यांचं खरं ऑकल्ट हेच, गावाबाहेरच्या अंधाराची भीती.

त्यानंतर नागेलफारचा १९९७ चा 'ह्यूनेनग्राब इम हेर्ब्स्ट' घे. स्वीडनचा नागलफार वेगळा, गोंधळ करू नको. ह्यूनेनग्राब म्हणजे राक्षसाचं थडगं, तिकडे प्रचंड दगड रचून केलेल्या इतिहासपूर्व कबरींना म्हणतात. नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळं बघितली असशील तर ते नाव ऐकल्यावर नक्की काय डोळ्यासमोर येतं ते कळेल.

नारायणपेठी
एक महत्त्वाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. या प्रकारात काही बँड उघड नाझी विचारांचे आहेत आणि त्यांचं संगीत पण वातावरणनिर्मितीवालंच असतं, त्यामुळे ऐकून कळत नाही. टीशर्ट किंवा सीडी घ्यायच्या आधी बँडबद्दल वाच. आपल्याकडे दारात स्वस्तिक काढतात म्हणून आपल्याला चिन्हांचं काही वाटत नाही, पण जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे, दंडविधानाचं कलम ८६अ. पुढेमागे शिकायला तिकडे जाणार असशील तर बॅगेत काय भरतोयस ते बघ. वर नावं आलेल्या बँडबद्दल हे म्हणत नाहीये, सरसकट सांगतोय.

पत्र्यावरचा_पाऊस (कोथरूड)
सगळ्यांचे आभार, खरंच. आज पहाटे एआरएआयच्या बाजूनं वेताळ टेकडीवर गेलो, धुकं इतकं की देवळाजवळ पोचेपर्यंत देऊळ दिसलं नाही, आणि तिथं शेंदूर फासलेल्या वेताळासमोर बसून 'होआगाश्ट' लावला. शब्द जवळपास नाहीच कळले, पण मॅडमनी सांगितलं तसं शेवटचं व्यंजन धरून घरी येऊन 'आन्डाख्ट' परत ऐकला तर तिसऱ्या वेळेला एक नाख्ट स्वच्छ सापडला, तिथंच थांबवून चार वेळा मागे नेला.

आईला हाबरगोअसचं सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे भोरला टिटवी ओरडली की तुझी पणजी आम्हा सगळ्या पोरांना आत घ्यायची आणि कडी लावायची, आणि मग तिनंच एक हेडफोन कानाला लावला. दोन मिनिटं ऐकलं तिनं. मग विचारलं, हा बाबा एवढा कळवळून काय म्हणतोय, त्याचा अर्थ सांग. तर आता त्या ओळी नीट लावायला बसलोय, कुणाकडे बुकलेटचे फोटो असतील तर मेसेज करा.