कानो (नायजेरिया): डोरावाच्या बियांचा दवादवा घरी कसा करावा?

परदेशी_पाटा: डोरावाच्या (इथलं शेंगांचं झाड) दोन किलो सुक्या बिया आणि शेंगेतली पिवळी पूड बाजारातून आणली आहे. तयार दवादव्यात (बिया आंबवून केलेला सूपचा मसाला) बरेचदा सोयाबीन असतं म्हणून घरीच करायचा आहे. कुकरमध्ये जमेल? पुडीचं काय करतात? आणि हे आपलं चेंडूफळच का?

खलबत्ता: चेंडूफळ नव्हे, त्याचं भावंड. पुण्या-मुंबईत बागेत लावतात ते पार्किया बिग्लँड्युलोसा, हे पार्किया बिग्लोबोसा. चेंडूफळाच्या बियांवर हा प्रयोग नको.

पहिल्या खेपेला अर्धा किलोच घ्या. चुलीवर हे बी १२ ते २४ तास शिजवतात. साल इतकी चिवट की नुसतं भिजवून काही होत नाही. कुकर चालेल, पण शिट्ट्या मोजत बसू नका. तासाभराने उघडून दाणा चिमटीत दाबा. साल सुटली तर ठीक, नाहीतर पाणी घालून परत लावा. मग उखळात हलक्या हाताने कांडा, पाण्यात चोळून सालं काढा. थोडक्यात, वालाचं बिरडं सोलतो तसंच, फक्त चिकाटी दुप्पट. सोललेल्या डाळिंब्या पुन्हा तास-दीड तास मऊ शिजवा, पूर्ण निथळा, कोमट असतानाच टोपलीत पानांवर पसरा. वरून पानं आणि गोणपाट. ३०-३५ अंशांत दोन-तीन दिवस.

सुगरण_नव्हे: बिघडतं ते निथळताना. पाणी राहिलं की आंबतं, कुजका वास येतो. दुसरी चूक हवाबंद डबा: हे काम बॅसिलस जीवाणूंचं, त्यांना हवा लागते. मीठ आधी घातलं तर ते मंदावतात, म्हणून शेवटीच. हरमॅटनमध्ये (हिवाळ्यातले कोरडे, धुळीचे वारे) कानोच्या रात्री गार असतात, तेव्हा टोपली बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा.

दाणे काळपट होऊन तार सुटली, अमोनियासारखा वास आला की झालं. तो वास म्हणजे खराब होणं नव्हे (शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा). हिरवी-काळी बुरशी दिसली तर मात्र सगळं फेका. मीठ लावून कुटा, गोळे करून कडक उन्हात वाळवा. चौघांच्या सूपला चमचाभर पुरे. तेलात कांद्याबरोबर परतला की उग्रपणा उतरतो.

परदेशी_पाटा: धन्यवाद. पुडीचं?

खलबत्ता: ती गोडसर असते. चाळून पाण्यात किंवा दुधात कालवून पितात, लापशीतही घालतात. दमट हवेत लगेच गोळे धरते. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, ओला चमचा नको.

अख्ख्या शेंगा मिळाल्या तर टरफलंही टाकू नका. बुर्किना फासोत तिएबेले गावच्या कासेना जमातीच्या बायका ती उकळून लालसर काढा करतात आणि रंगवलेल्या मातीच्या भिंतींवर फासतात. त्याने रंग पावसात लवकर धुपत नाही. अंगणातल्या मातीच्या ओट्यावर करून बघता येईल, फक्त सारवण पूर्ण वाळलेलं हवं.

सुगरण_नव्हे: बी पेरायचं मनात असेल तर कढत पाणी ओतून रात्रभर ठेवा. फळ मात्र पाच ते दहा वर्षांनी.