काखेतले पिवळे डाग: आपण काय केले, काय फसले?

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की माहेरी जाण्यासाठी कपाटातले कपडे बाहेर निघतात आणि गेल्या उन्हाळ्यात धुऊन, घडी करून ठेवलेल्या ब्लाउजांच्या काखा पिवळ्या पडलेल्या दिसतात. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. चर्चेच्या या धाग्यावर प्रत्येकाने स्वतः करून पाहिलेलेच लिहावे, फसलेले उपायही लिहावेत आणि कापड कोणते व पाणी कोणते हे आवर्जून नोंदवावे, कारण त्यावाचून दुसऱ्याला उपयोग होत नाही. सुरुवात मी करते.

जळगाव, धाग्याची सुरुवात करणारी
माझ्या पांढऱ्या सुती कुर्त्यावर मी क्लोरीनचे ब्लीच ओतले आणि फिकट पिवळा डाग गडद झाला. घामातील प्रथिनांवर हे ब्लीच उलटे काम करते, हे मला नंतर समजले. मुळात घामाला जवळजवळ रंग नसतो. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात आणि ते घामातील प्रथिने व त्वचेचे तेल यांच्याशी मिळून कापडात पिवळा, कडक थर धरतात. म्हणून दुसऱ्या कुर्त्याला मी आधी आम्ल लावले: एक वाटी पांढरे व्हिनेगर आणि दोन वाट्या पाणी यांत काखेचा भाग अर्धा तास भिजवला, स्वच्छ पाण्याने पूर्ण खंगाळला आणि मगच खाण्याचा सोडा, भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा लेप लावला. औषधाच्या दुकानातून आणलेल्या बाटलीवर ६ टक्के लिहिले होते, त्यामुळे तेवढेच पाणी मिसळून ते ३ टक्क्यांवर आणले. पाऊण तासाने मऊ ब्रशने घासले. पहिल्या वेळी निम्मा डाग गेला, तिसऱ्या वेळी कापड पुन्हा मऊ लागू लागले.

भुसावळ
नोकरीत मला रोज पांढरा सदरा घालावा लागतो. आमच्याकडे बोअरचे जड पाणी आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. अनेक वर्षे मी काखा साबणाच्या वडीने जोर लावून घासत होतो आणि डाग वाढतच होता. जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा न विरघळणारा साका तयार होतो, तो घामाच्या थरावर बसतो आणि वरून इस्त्री फिरली की सगळे पक्के होते. आता वडी बंद केली आहे. एन्झाइम (प्रथिने तोडणारा घटक) असलेली धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवून सदरा रात्रभर भिजवतो आणि डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री लावत नाही. माझ्या मते घरातील निम्मे डाग इस्त्रीने कायमचे केलेले असतात.

धुळे, निवृत्त शिक्षक
मी आयुष्यात रोल-ऑन वापरलेले नाही; आंघोळीनंतर ओली तुरटी फिरवतो. तरीही सदऱ्यांच्या काखा ताठ होत, याचे मला आश्चर्य वाटे. तुरटी हाही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे, हे लक्षात आल्यावर मी ती रात्री झोपण्यापूर्वी लावू लागलो आणि सकाळी आंघोळीत काख धुऊन, पूर्ण कोरडी करूनच सदरा घालू लागलो. ताठपणा बराच कमी झाला.

धाग्याची सुरुवात करणारी
गुरुजींचे म्हणणे रोल-ऑन वापरणाऱ्यांनीही पाळावे, कारण ओल्या काखेवर सदरा चढवला की अर्धे औषध कापडालाच लागते. येथे एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने सांगते: व्हिनेगर किंवा लिंबू आणि क्लोरीनचे ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर आणि पेरॉक्साइडही एका भांड्यात मिसळू नये. म्हणूनच वर मधले खंगाळणे लिहिले आहे. उरलेला पेरॉक्साइडचा लेप झाकण लावून साठवू नये, वायू साचून बाटली फुटू शकते.

चोपडा, शिवणकाम करणारी
माझ्याकडे लग्नसराईत रेशमी ब्लाउज उसवायला येतात, तेव्हा काखेतले कापड बोटांत फाटते. रेशीम हे स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे एन्झाइमची पावडर आणि धुण्याचा सोडा त्याला लावू नये, आणि जरीच्या काठावर व्हिनेगर जाऊ देऊ नये. ड्रायक्लीनला देताना डाग कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावे, कारण त्यांच्या द्रावकात तेल विरघळते, घामाचे क्षार नुसत्या द्रावकाने जात नाहीत. मी आता गिऱ्हाइकांना आग्रहाने सुती अस्तराच्या सुट्या घामपट्ट्या टाचून देते. कार्यक्रम झाला की पट्टी काढून धुवायची आणि ब्लाउज लगेच कपाटात न ठेवता रात्रभर वाऱ्यावर टांगायचा.

नंदुरबार
माझ्या गडद निळ्या शर्टावर पेरॉक्साइड लावण्यापूर्वी मी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून पाहिला आणि दहा मिनिटांत तिथला रंग उतरला, त्यामुळे शर्ट वाचला. नुसत्या पातळ व्हिनेगरने पांढुरका थर निघाला. मात्र एका जुन्या शर्टाचा काखेतला रंगच लालसर झाला आहे. तो डाग नसून उडालेला रंग आहे, हे मी आता मान्य केले आहे आणि तो शर्ट शेतात घालतो.