एक सदस्य मेल टाकतो आणि लिस्टमधून भलतेच सदस्य बाद होतात

शून्य_शिल्लक

मंडळी, जुन्या छपाईयंत्रांच्या दुरुस्तीवर चर्चा करणारी एक मेलिंग लिस्ट मी सांभाळतो. मेलमन २.१ (लिस्ट चालवणारा प्रोग्रॅम), छोटा सर्व्हर, स्वतःचं डोमेन. सदस्य बहुतेक जीमेलवरचे.

हल्ली एक विचित्र प्रकार चालू आहे. आमच्यातले एक हौशी गृहस्थ जवळपास रोज लिहितात. त्यांचा मेल आला की माझ्याकडे ५५० वाल्या बाउन्सची, म्हणजे घेणाऱ्या सर्व्हरने नाकारून परत धाडलेल्या मेलची, रांग लागते, आणि काही दिवसांनी मेलमन कळवतो की अमुक अमुक सदस्यांना मेल पाठवणं बंद केलं. बंद होणारे कोण, तर ज्यांनी महिनोन्‌महिने एक ओळ लिहिलेली नाही असे! त्यांचे पत्ते व्यवस्थित चालू आहेत, थेट मेल केला तर लगेच पोचतो. लिहिणाऱ्या गृहस्थांचं मात्र सगळं सुरळीत. सर्व्हरवर मी कशालाही हात लावलेला नाही.

दुसऱ्या एका खात्यात त्यांच्या मेलची प्रत स्पॅममध्ये सापडली. हेडरमध्ये, पाठवणारा खरा आहे का याच्या तीन तपासण्यांचा निकाल दिसतो: एसपीएफ=पास, डीकिम=फेल, डीमार्क=फेल. एसपीएफ पास असताना घोडं अडतंय कुठे?

जुनाट_पोस्टमास्तर

तुम्ही हात लावला नसेल, पण त्या गृहस्थांच्या डोमेनवाल्यांनी लावलाय. त्यांच्या डोमेनच्या डीएनएसमधला (डोमेनच्या जाहीर नोंदींमधला) अंडरस्कोर-डीमार्क हा टीएक्सटी रेकॉर्ड उघडून बघा. तिथे पी=रिजेक्ट, म्हणजे ‘डीमार्कमध्ये नापास मेल नाकारा’ असं धोरण असणार, पैज लावतो.

एसपीएफ म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरला डोमेनची परवानगी आहे का ही तपासणी. ते पास झालं ते तुमच्या डोमेनसाठी. मेलमन मेल पुढे पाठवताना पाकिटावर पाठवणारा म्हणून लिस्टचा बाउन्सचा पत्ता टाकतो, आणि एसपीएफ फक्त पाकीट बघतं. डीमार्कचं म्हणणं वेगळं: आतल्या फ्रॉममध्ये ज्याचं डोमेन आहे, त्याच डोमेनचं एसपीएफ किंवा डीकिम पास व्हायला हवं. फ्रॉममध्ये गृहस्थ, पाकिटावर तुम्ही. जुळत नाही. राहिलं डीकिम, म्हणजे डोमेनची डिजिटल सही. त्यांच्या सर्व्हरने केलेली सही तुमच्यापर्यंत शाबूत आली होती. मग मेलमनने विषयाच्या आधी कंसातलं लिस्टचं नाव जोडलं, खाली फूटर चिकटवलं, आणि सही मोडली. दोन्ही दोर कापले गेले.

आता बाद कोण होतं ते बघा. मेल नाकारतो तो घेणाऱ्याचा सर्व्हर, म्हणून बाउन्सचा गुण चढतो घेणाऱ्याच्या खात्यावर. मेलमनमध्ये मुळात ठेवलेली मर्यादा ५ गुणांची, आणि एका दिवसात जास्तीत जास्त १ गुण. तुमचे गृहस्थ रोज लिहितात, त्यामुळे आठवडाभरात गप्प बसणारे सगळे संपतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हे नवीनही नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनवर पी=रिजेक्ट लावलं, पाठोपाठ एओएलने. जगभरच्या लिस्टवर तेव्हा हेच झालं. गंमत म्हणजे डीमार्कचा आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज), ७४८९, छापला गेला मार्च २०१५ मध्ये. आधी लाठी, मग नियमावली.

उपाय: ॲडमिनच्या पानावर प्रायव्हसी ऑप्शन्स, त्यात सेंडर फिल्टर्स, तिथे डीमार्क मॉडरेशन ॲक्शन. ते ‘मंज फ्रॉम’ वर ठेवा. ही सोय २.१.१८ पासून आहे. तुमची आवृत्ती जुनी असेल तर आधी ती बदला. यानंतर फ्रॉममध्ये लिस्टचा पत्ता येतो आणि नावाच्या जागी ‘अमुक व्हाया लिस्ट’ असं दिसतं. कडक धोरणवाल्या डोमेनच्याच मेलना हे लागू होतं, बाकीच्यांना धक्का नाही. मात्र आधी सेटिंग, मग बाद झालेल्यांना परत चालू करा. उलट केलंत तर ते पुन्हा गुण जमवायला लागतील.

रात्रपाळी

मला ‘मंज फ्रॉम’ पटत नाही. लिहिणाऱ्याचं नाव पुसून तिथे लिस्टचा पत्ता, ही कसली चर्चा? त्यापेक्षा मेलला हातच लावू नका. विषयातलं लिस्टचं नाव काढा, फूटर काढा. सही टिकली की डीमार्क पास. फिल्टर लावायला लिस्ट-आयडी हेडर २००१ पासून आहे. आमच्याकडे असंच चालतं आणि कुणाची तक्रार नाही.

जुनाट_पोस्टमास्तर

रात्रपाळी, तत्त्व म्हणून तुमचंच बरोबर आहे. नवी लिस्ट काढणाऱ्याला मीही हेच सांगेन. पण यात लिहिणाऱ्याच्या डोमेनने डीकिमची सही केलेली असली पाहिजे; नुसत्या एसपीएफवर भागवणारे आजही भेटतात. शिवाय लिस्टवर एचटीएमएल काढून साधा मजकूर करण्याचं किंवा जोडफायली गाळण्याचं सेटिंग असेल, तर फूटर काढूनही सही मोडणारच. यंत्रांच्या लिस्टवर लोक फोटो जोडणार, तेव्हा गाळणी असेलच असा माझा अंदाज.

आणि नाव पुसण्याबद्दल म्हणाल तर आयईटीएफ, म्हणजे जिथून हे आरएफसी निघतात तीच मंडळी, आपल्या लिस्टवर कडक धोरणवाल्यांचा फ्रॉम बदलतात. त्यांनी मार्ग मात्र सुबक काढलाय: मूळ पत्ता गुंडाळून डीमार्क.आयईटीएफ.ऑर्ग या डोमेनखाली एक खास पत्ता करतात, त्यामुळे खासगी उत्तर लेखकालाच जातं.

आपल्या साध्या ‘मंज फ्रॉम’ मध्ये खरा धोका तिथेच आहे. मेलचे प्रोग्रॅम पत्ते आपोआप साठवतात. एखाद्याच्या पत्तावहीत त्या गृहस्थांच्या नावापुढे लिस्टचा पत्ता जाऊन बसतो. सहा महिन्यांनी तो त्यांना उसन्या पैशांबद्दल खासगी मेल लिहायला घेतो, नावाची दोन अक्षरं टाइप करतो, आणि मेल जातो सगळ्या लिस्टला. सदस्यांना हे आधीच स्पष्ट कळवून ठेवा.

शून्य_शिल्लक

रेकॉर्ड बघितला, पी=रिजेक्टच आहे. आवृत्ती २.१.२९, त्यामुळे सेटिंग सापडलं. आज त्यांचा मेल एकही बाउन्स न होता गेला. गाळणीही आहे आमच्याकडे, काढता येणार नाही.

दोन शंका. एआरसी नावाचं काहीतरी यावर उतारा आहे असं वाचलं. आणि दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांसाठीच्या जीमेलच्या नियमाशी माझ्यासारख्या छोट्या लिस्टचा काही संबंध येतो का?

जुनाट_पोस्टमास्तर

एआरसी म्हणजे आरएफसी ८६१७, २०१९ चा. ‘माझ्याकडे आला तेव्हा मेल शुद्ध होता’ असं तुमचा सर्व्हर सही करून सांगतो. पण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे घेणारा ठरवतो, आणि तुमच्या-माझ्या सर्व्हरला तिथे कोण ओळखतं? त्याच्या भरवशावर राहू नका.

५,००० चा संबंध मात्र येऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ पासूनचा तो नियम २४ तासांत वैयक्तिक जीमेल खात्यांवर गेलेले मेल मोजतो, तुम्ही लिहिलेले नव्हे. जीमेलवरचे ३०० सदस्य आणि एखाद्या तापलेल्या दिवशी २० मेल, झाले ६,०००. मोजणी फ्रॉममधल्या डोमेनवर होते, आणि ‘मंज फ्रॉम’ नंतर तिथे तुमचं डोमेन असतं. एकदा आकडा ओलांडला की गूगल तुम्हाला कायमचं बल्क सेंडर (घाऊक मेल पाठवणारा) धरतं. मग एसपीएफ आणि डीकिम दोन्ही लागतात, स्वतःच्या डोमेनवर डीमार्क रेकॉर्ड लागतो (पी=नन, म्हणजे ‘कारवाई नको’ असं धोरण, चालतं), आणि एका क्लिकवर सदस्यत्व सोडण्याची सोय लागते. ती मेलमन २ मध्ये आयती मिळत नाही, आणि तुमच्या पुढच्या डोकेदुखीची सुरुवात तिथून आहे.

त्याहून काळजी स्पॅमच्या बटणाची. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खालीच राहायला हवं. लिस्ट सोडायचा कंटाळा आलेले लोक ते बटण दाबतात, हजारात तिघांनी दाबलं तरी पुरे. म्हणून लिस्ट सोडण्याची लिंक फूटरमधून काढू नका. सही तशीही मोडलेलीच आहे. आणि आज रात्री तुमच्या सर्व्हरच्या आयपीचा पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) तपासा. छोट्या सर्व्हरवर बहुतेक वेळा तोच राहून गेलेला असतो.